जुनी मस्टँग बघायला जाताना

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग रिस्टोअर करायला घेणार असाल तर सोबत टॉर्च, लोहचुंबक, जुना टॉवेल आणि गॅलनभर पाणी न्या. पाणी राहून जातं, म्हणून ते आधी गाडीत ठेवा.

पहिल्यांदा नंबर. दारावरची माहितीची पट्टी हुबेहूब नवी करून मिळते, तिच्यावर भिस्त नको. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. सुरुवात ५टी०९ए असेल, तर साल १९६५, कारखाना मेटचन (म्हणजे न्यू जर्सीतलं एडिसन, जिथे आता आपली मंडळी किराणा भरतात), ०९ म्हणजे फास्टबॅक (छप्पर मागे उतरतं) आणि ए म्हणजे २८९ घनइंचांचं, २२५ अश्वशक्तीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन. ०७ हार्डटॉप (पक्कं छप्पर), ०८ कन्व्हर्टिबल (उघडणारं छप्पर). इंजिनाच्या जागी टी असेल तर गाडी मूळची सहा सिलिंडरची. मग बॉनेटखाली व्ही-८ आणि चाकाला चारच नट (व्ही-८ ला पाच असतात) दिसले की इंजिन मागाहून घातलंय समजा. के म्हणजे २७१ अश्वशक्ती, भाव चढा, तिथे संशय दुप्पट घ्या. गाडी कारखान्यातून कशी निघाली ते नोंदींवरून सांगणारा मार्टी रिपोर्ट १९६७ पासूनच्या गाड्यांचाच मिळतो, इथे डोळेच वापरायचे.

आता पाणी. काच आणि बॉनेट यांच्या मधल्या फटींत, दोन्ही बाजूंना, सावकाश ओता. ते पुढच्या मडगार्डांच्या मागून खाली गळायला हवं. आत पायाशी टपकलं तर काउल, म्हणजे त्या फटींखालची पत्र्याची पेटी, सडलंय. मी हे न करता घेतली, फ्लोअर नवा वेल्ड करून घेतला आणि पहिल्याच पावसात गालिचा ओला. काउल उघडायचं म्हणजे मडगार्ड काढा, काच काढा, मग एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलने फोडत बसा. मालक 'थेंबही येत नाही' म्हणाला तरी ओता. गाडी नुकतीच धुतलेली असली तरी ओता. फ्लोअर नवाकोरा दिसला तर आधी ओता, मग तो का बदलला ते विचारा. ओतू देत नसेल तर सरळ घरी या.

चुंबक मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवा. चिकटला नाही तर खाली पुट्टी. बॅटरीखाली आणि डिकीच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. कन्व्हर्टिबलची दारं उघडताना-लावताना अडकली तर गाडी मधून वाकली असेल. क्रोम, सीटा, वायरिंग, ब्रेक: सगळं नवं मिळतं, वेळ घालवू नका. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर पत्र्यावरच्या नंबराशी जुळत नसेल तर भाव विचारूसुद्धा नका.