मेसेज जात नाही? फोनला सॉफ्टवेअर मारण्याआधी सिममधला हा नंबर बघा

एसएमएस आता पाठवतंय कोण? म्हणूनच तो बंद पडलाय हे महिनोन्‌महिने कळत नाही. कळतं ते नव्या फोनात यूपीआयचं ॲप टाकताना. ते ॲप तुमच्या सिमवरून बँकेच्या यंत्रणेकडे गुपचूप एक मेसेज धाडतं. तो गेला नाही की पडद्यावर 'व्हेरिफिकेशन फेल'. मग माणूस ॲप काढतो, परत टाकतो, बँकेत जाऊन रांगेला लागतो. बँकेचा यात काडीचाही संबंध नसतो. शेवटी तो सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानात जातो आणि काउंटरवरचा पोरगा फोन उलटापालटा करून सांगतो, "मालक, सॉफ्टवेअर मारावं लागतंय बघा." सॉफ्टवेअर मारल्यावर फोटो जातात, नंबर जातात, पैसे जातात. मेसेज काही जात नाही.

रिचार्ज आहे, टॉवर आहे, फोन बंद करून चालू केलाय, हे मी धरून चालतो.

आधी स्वतःच्याच नंबरावर एक मेसेज पाठवा. तो फिरून आला, तर तुमचा फोन, सिम आणि कंपनी तिन्ही ठीक आहेत. घोळ बहुधा समोरच्याच्या नंबरात आहे. 'नॉट सेंट' आलं तर पुढे वाचा.

सोप्या गोष्टी झटपट उरकू. बऱ्याच स्वस्त रिचार्जमध्ये एसएमएस नसतातच. तिथे मुख्य बॅलन्समध्ये चार पैसे लागतात. दोन सिम असतील तर बँकेला दिलेल्या नंबराचंच सिम मेसेजसाठी निवडलंय का बघा. गुगलच्या मेसेज ॲपमध्ये आरसीएस (एसएमएसऐवजी नेटवरून मेसेज पाठवायची सोय) चालू असेल तर बंद करून बघा. नुसतं 'सेंडिंग' फिरत राहतं ते बहुतेक वेळा त्याच्यामुळे. सिम कालच बदलून आणलंय? मग काहीच करू नका. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा दूरसंचार खात्याचा २०२२ पासूनचा नियम आहे, फसवणूक टळावी म्हणून.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. बहुतेक प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, पण इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा आणि देवनागरी ७० चा. त्यातही काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'गड्ड्याला' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, फोन त्याचे नऊ मोजतो. ७० च्या वर गेलं की ६७-६७ चे तुकडे पडतात. म्हणजे २०० चिन्हांची संक्रांतीची शुभेच्छा तीन एसएमएस खाते आणि चौतिसाव्या पाहुण्यापाशी अडकते. बिघाड नाही, कोटा संपला. दुसऱ्या दिवशी जाईल.

आता खरा मुद्दा.

तुमचा मेसेज थेट समोरच्याच्या फोनात जात नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज सेंटरला जातो, तिथून पुढे. टपाल आधी हेड पोस्टात जातं तसं. या सेंटरचा नंबर, म्हणजे एसएमएससी, तुमच्या सिममध्ये साठवलेला असतो. तो पुसला गेला किंवा चुकला की कॉल लागतात, नेट चालतं, आलेले मेसेज दिसतात, फक्त जाणारा मेसेज अडतो. हे लक्षण जुळलं की बाकी सगळं सोडा आणि हा नंबर बघा.

बघायचा कसा? डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा (अंक अर्थात इंग्रजी). 'फोन इन्फर्मेशन' उघडा. दोन सिम असतील तर त्यातलं योग्य निवडा. तळाशी एसएमएससी असा रकाना दिसेल. 'रिफ्रेश' दाबलं की नंबर उमटतो. रकाना रिकामाच राहिला तर बहुतेक चोर सापडला. काही फोनात कंपनीने हा मेनू बंद ठेवलेला असतो. सॅमसंगवाल्यांनी मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये 'मेसेज सेंटर' शोधावं. आयफोनवर *#५००५*७६७२# लावलं की नंबर दिसतो, आणि **५००५*७६७२*, मग +९१ सकट नंबर आणि शेवटी # लावलं की तो बसतो.

योग्य नंबर कुठून आणायचा, इथे लोक सर्वांत जास्त गोंधळ घालतात. इंटरनेटवरच्या याद्यांना हात लावू नका. त्या जुन्या असतात, शिवाय सर्कलनुसार, म्हणजे ढोबळमानाने राज्यानुसार, नंबर बदलतो. सोलापुरात तर हे फारच जपायला हवं. इंडी-विजापूरकडून कामाला आलेल्या माणसाचं सिम कर्नाटकचं असतं. तो इथे दहा वर्षं राहिला तरी त्याला नंबर कर्नाटक सर्कलचाच लागणार. महाराष्ट्राचा घातलात तर मेसेज जायची खात्री नाही. पोर्ट केलेला नंबर असेल तर आत्ताच्या कंपनीचा घ्यायचा, जुन्या नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे घरातलं त्याच कंपनीचं, त्याच सर्कलचं चालू सिम शोधा, त्याच्या फोनात हाच मेनू उघडा आणि नंबर उतरवून घ्या. तसं कोणी नसेल तर १९८ ला फोन करून विचारा.

नंबर टाकून 'अपडेट' दाबलं की निम्म्या फोनात 'अपडेट एरर' येतं. मी इथेच बरेच दिवस अडकलो होतो, कारण ही गोष्ट कोणी सांगतच नाही. आधी जुना नंबर कसा दिसत होता ते बघा. तो अवतरण चिन्हांत असेल आणि पुढे स्वल्पविराम देऊन १४५ लिहिलेलं असेल, तर तुम्हीही चिन्हांसकट आणि १४५ सकट तसंच लिहा. तरीही एरर आली तर फोनला तो नंबर उलट्या जोड्यांत हवा असतो. आधी ०७९१ लिहा, मग + सोडून ९१ सकट नंबराच्या दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा आणि प्रत्येक जोडी उलटी करा. समजा नंबर आहे ९१ १२ ३४ ५६ ७८ ९०. तो होतो १९ २१ ४३ ६५ ८७ ०९. टाकायचं ०७९११९२१४३६५८७०९, मध्ये जागा न सोडता. कागदावर मांडून घ्या आणि मगच टाका. तोंडी करायला गेलात की एखादी जोडी सरळच राहते. मग पुन्हा 'रिफ्रेश'. नंबर टिकला म्हणजे बसला.

हे सगळं नको असेल तर माझी आवडती पळवाट. घरात आजोबांचा बटणांचा फोन असतोच. सिम त्यात घाला, मेसेज सेटिंगमध्ये 'मेसेज सेंटर नंबर' साधा सरळ +९१ सकट टाकून सेव्ह करा, सिम काढून परत आपल्या फोनात घाला. नंबर बहुतेक वेळा सिमवरच लिहिला जातो, त्यामुळे तो सोबत येतो. मायक्रो किंवा नॅनो सिमला अडॅप्टर लागेल, पण तो सिमसकट आत नीट बसलाय याची खात्री करा; सैल असला तर काढताना आतल्या पिना वाकतात आणि मग खरंच दुकानात जावं लागतं.

एवढं करूनही मेसेज गेला नाही तर बहुतेक सिमच खराब आहे. आधार कार्ड घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा आणि बदलून घ्या. फक्त वरचे २४ तास लक्षात ठेवून दिवस निवडा: बदललेल्या सिमवर ओटीपीही येत नाहीत, त्यामुळे फी भरायची किंवा गॅस बुक करायचा असेल तर ते आदल्या दिवशी उरका.