इमारतीतील हवेची तपासणी कशी करावी

उपकरणे लावण्याआधी संपूर्ण इमारत फिरून पाहावी. भिंतीवरील ओल, एसीच्या ट्रेमध्ये साचलेले पाणी किंवा कपाटाआड झाकला गेलेला झरोका दिसला, की निम्मे निदान तिथेच होते. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडचा मापक जमिनीपासून सुमारे 1 ते 1.5 मीटर उंचीवर, खिडकी आणि माणसांचा थेट श्वास यांपासून दूर ठेवावा आणि खोली भरलेली असताना दिवसभर नोंदी घ्याव्यात, कारण रिकाम्या खोलीतील आकडा नेहमीच फसवा, कमी दिसतो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांमागे 420 भाग) असते. आत ते तासन्‌तास 1000 च्या वर राहिल्यास ताजी हवा अपुरी पडते आहे, असे समजावे. पीएम 2.5 हे सूक्ष्म कण मात्र आत आणि बाहेर एकाच वेळी मोजावेत, अन्यथा ते रस्त्यावरून येतात की आतच तयार होतात, हे कळत नाही. बुरशीचा वास येत असेल, तर चाचणीवर खर्च करण्याआधी गळती शोधावी.