म्हाडा-सिडकोचं घर: जाहिरातीआधी करून ठेवायची कामं

म्हाडा आणि सिडको या सरकारी संस्था घरं सोडत काढून देतात. सोडतीत नंबर लागणं नशिबाचा भाग. पण नंबर लागूनही घर हातचं जातं, ते बहुतेकदा कागदांपायी नाहीतर पैशांपायी. ही दोन्ही कामं जाहिरात यायची वाट न पाहता उरकता येतात.

सुरुवात डोमिसाइलपासून, म्हणजे अधिवास दाखल्यापासून करा. जुना, बारकोड नसलेला दाखला असेल तर नवा काढून घ्या. सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. नवी मुंबईकर इथे हमखास गोंधळतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्ता खारघरचा आणि अर्ज ठाणे तहसीलकडे केला, तर हेलपाटा ठरलेला.

मग आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं अक्षरन् अक्षर जुळवा. बायकोच्या आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं, हा नेहमीचा घोटाळा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, नाहीतर ओटीपीच येत नाही. बँक खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं द्या. नंबर लागला नाही तर अर्जासोबत भरलेली अनामत तिथेच परत येते.

उत्पन्नासाठी आयटीआरची (प्राप्तिकर विवरणपत्राची) पोचपावती किंवा तहसीलदारांचा दाखला लागतो. नवरा-बायको दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न धरतात; हातात पगार किती पडतो, याला अर्थ नाही. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाचा अत्यल्प गट ६ लाखांपर्यंत, अल्प ९ लाखांपर्यंत, मध्यम १२ लाखांपर्यंत, त्यापुढे उच्च. जोडीदाराची कमाई लपवून खालच्या गटात अर्ज भरू नका. नंतरच्या पडताळणीत ती उघडी पडते आणि घर रद्द होतं. पंतप्रधान आवास योजनेतलं घर हवं असेल, तर अर्जदाराच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव लागलंय का, तेही बघून ठेवा. एरवीच्या योजनांत ही अट वेगळी असू शकते, म्हणून सोडतीच्या माहिती पुस्तिकेतलं ते कलम नीट वाचा.

आता पैसे. घर २० लाखांचं धरू. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या फार तर ९० टक्के देते, म्हणजे १८ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता साधारण १५,६०० रुपये बसतो. उरलेले २ लाख खिशातले. मुद्रांक शुल्कात सवलत नसेल तर ते ६-७ टक्के, शिवाय नोंदणी १ टक्का. म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास रोकड तयार हवी, आणि त्यात देखभाल खर्च अजून धरलेलाच नाही.

देखभालीचा फटका सर्वांत जास्त बसतो तो २० टक्के योजनेत. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या खासगी प्रकल्पात बिल्डरने २० टक्के घरं अत्यल्प-अल्प गटासाठी ठेवायची, हा नियम. ठाण्यात चांगल्या वस्तीत स्वस्त घर मिळतं ते याच वाटेनं, आणि आमच्या मते सगळ्यांत आधी पाहावीत ती हीच घरं. पण सोसायटी बिल्डरच्या संकुलातली. लिफ्ट, सुरक्षारक्षक, क्लबहाऊस यांचा खर्च कोण भरणार हे अर्जाआधीच विचारून घ्या. महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची तारीख पाहा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला, मिळालेलं नसेल तर काही काळ घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरायची तयारी ठेवा.

जागा रविवारी दुपारी पाहू नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला ऑफिसातून थेट तिथवर जा. कल्याण-डोंबिवलीजवळच्या शिरढोण किंवा खोणीला जायचं तर स्टेशनवर उतरल्यावर पुढे रिक्षा शेअर मिळते की स्पेशलच करावी लागते, ते तेव्हाच कळतं. तळोज्याला बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून आहे, पण आपला सेक्टर पेंधर स्थानकापासून चालत किती, ते मोजा. बामणडोंगरी, खारकोपर ही स्थानकं लोकलच्या उरण मार्गावर. तिथे गाड्यांचं वेळापत्रक पाहूनच ठरवा. पाणी रोज किती वेळ येतं, हे वॉचमनला विचारा, जाहिरातीला नव्हे. विरार-बोळींजची म्हाडाची घरं पाण्याच्या रडगाण्यापायीच पडून राहिली होती.

नंबर लागला की स्वीकृती (घर घेतो असं कळवणं) आणि घराच्या किमतीच्या पहिल्या हप्त्याची मुदत आधी वाचा. कर्जाची पूर्वमंजुरी हाताशी असेल तर ही मुदत पुरते. प्रतीक्षा यादीत असाल तरी मोबाइल नंबर बदलू नका. आणि ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सोडतीत घर मिळवून द्यायला म्हाडा किंवा सिडको कोणताच एजंट नेमत नाही.