तालमीच्या जुन्या खेळाडूची आठवणवही कशी करायची

मी बाइंडर आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात दुकान आहे. वकिलांची दफ्तरं, व्यापाऱ्यांच्या खतावण्या, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध शिवण्यात चाळीस वर्षं गेली. पण मला विचाराल तर माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे एका फुटबॉलवाल्याची वही. आमच्याकडे फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचेच असतात. हे आमच्या तालमीचे सेंटर हाफ, म्हणजे बचावात मधोमध खेळणारे, पाच नंबर. अख्खी पेठ त्यांना मामा म्हणते. चौदा हंगाम खेळले, सगळे एकाच तालमीकडून. ती वही बघून आता दुसऱ्या पेठांतली पोरं दुकानात येतात. "आमच्या म्हाताऱ्याचीबी करायची हाय, कुठनं सुरू करू?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. तालमीचं नाव मुद्दाम घालत नाही. पाटाकडील असो, शिवाजी असो, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार असो, रीत तीच.

हे डोक्यात कसं आलं ते आधी सांगतो. माझा भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. २ जून २०२४ ला तिथला रग्बी लीगचा खेळाडू रॉब बरो गेला, तेव्हा भाच्याने मला हेडिंग्ली मैदानाबाहेरचे फोटो पाठवले. रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा जणांची रग्बी. बरोची उंची फक्त पाच फूट पाच इंच, आणि समोर बैलासारखी माणसं. २००१ ते २०१७ तो एकाच क्लबकडून, लीड्स ऱ्हायनोजकडून खेळला आणि सुपर लीगची, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेची, आठ विजेतेपदं घेतली. २०१९ च्या डिसेंबरात त्याला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे नसा निकामी होऊन हातपाय लुळे पडत जाण्याचा, आजार निघाला. त्याचा जुना कॅप्टन केविन सिनफिल्ड पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन पळाला, कारण बरोचा नंबर सात. २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये तर त्याने बरोला खुर्चीतून उचलून, हातांवर घेऊन शेवटची रेघ ओलांडली. बरो गेला तेव्हा वय एक्केचाळीस. फोटोत फुलं, मफलर आणि शर्टांचा ढीग होता. भाचा म्हणाला, "मामा, ह्यात दुसऱ्या क्लबांचेपण शर्ट आहेत."

मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. आमचा पाच नंबर दोन गल्ल्या पलीकडे ओट्यावर बसलेला असतो आणि त्याच्या खेळाचा एक कागद कुणाकडे नाही, हे तेव्हा मनाला लागलं.

तर पहिली गोष्ट ही, की माणूस हयात असताना सुरू करा. गेल्यावर वही होते, पण मग चूक दुरुस्त करणारा कुणी राहत नाही.

पहिल्या भेटीला फोन पुढे धरून बसू नका. माणूस अवघडतो आणि भाषण करायला लागतो. एक फोटो घेऊन जा. मी तालमीतल्या भिंतीवरचा संघाचा फोटो उतरवून नेला होता. मामांनी बोट ठेवत ठेवत नावं सांगितली. कोण गेलं, कोण इचलकरंजीला असतं, कोणाचा गुडघा कुठल्या मॅचला गेला, सगळं त्या एका फोटोवरून निघालं. फोटो नेलात तर त्याच्या मागे नावं पेन्सिलने लिहा. पेनची शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते, आणि जोर देऊन लिहिलं तर अक्षरांचे उठाव चेहऱ्यांवर येतात.

मग साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक हंगामाला एक पान द्या. पान कोरं राहिलं तरी चालेल, पण हंगाम गाळू नका. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग, बाकीच्या स्पर्धा, कुठल्या जागेवर खेळले, कधी दुखापत, कॅप्टन कोण. कोरं पान दिसलं की मित्रमंडळी आपणहून भरतात. गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी पिळायला येतात तेव्हा मामांच्या वयाचे चौघे-पाचजण हमखास असतात. मी ती वही तिथे उघडी टाकायचो. ग्लासातला फेस खाली बसायच्या आत दोन ओळी मिळायच्या.

माणसांच्या आठवणींना कागदाचा आधार लागतो. त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासूनची संस्था आहे ती. जुन्या अंकांच्या फायली बघायच्या आहेत असं सांगून काय, कसं मिळेल ते आधी विचारून घ्या. सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक आधी बघा, नाही सापडलं तर त्याच्या पुढचा. फ्लॅश न मारता आधी पूर्ण पानाचा फोटो काढा, मग बातमीचा. नुसत्या बातमीचा काढलात तर तारीख हातातून जाते. अजून एक सावधगिरी बाळगा. एका संघात एकाच आडनावाचे दोघे असतात आणि बातमीत नुसतं आडनाव असतं. आमच्याकडे तसंच होतं. मामांच्या नावावर धरलेला एक गोल त्यांनी स्वतःच खोडायला लावला. "त्यो माझा न्हवं. त्यो लेफ्ट इनचा. मी त्या दिवशी बाहीर बसलो होतो, घोटा सुजला होता." बातमीत त्यांचं आडनाव होतं, घालून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी नाही म्हटलं, म्हणून बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसला.

चाहत्यांच्या आठवणी गोळा करताना "मामा कसे खेळायचे?" असं विचारू नका. सगळे "एक नंबर" म्हणतात आणि विषय संपतो. मी तीनच गोष्टी विचारायचो. शाहू स्टेडियमवर तुम्ही कुठल्या बाजूला बसायचा? मामा चुकले असं एकदा तरी बघितलंय का? आणि मॅच हरल्यावर ते कुठे गेले? दुसऱ्या प्रश्नाला माणूस आधी दचकतो, पण खरी आठवण तिथेच असते. एका रिक्षावाल्या काकांनी सांगितलं, की सेमी फायनलला मामांचा बॅक पास आखूड पडला आणि गोल बसला. मॅच सुटल्यावर मामा गोलकीपरच्या घरी गेले, त्याच्या आईला म्हणाले, "चूक माझी हाय, ह्याला काय बोलू नगा." हे कुठल्याही बातमीत नव्हतं.

लिहिताना ज्याच्या तोंडचं, त्याच्याच शब्दांत लिहा. आणि दोघांचं जुळलं नाही तर निकाल देऊ नका. फ्री किकवरचा एक गोल अर्धी पेठ डाव्या पायाचा म्हणते, अर्धी उजव्या. मामांनाही आठवत नाही. मी दोन्ही समोरासमोरच्या पानांवर लावले.

फक्त मैदानावरच्यांकडे जाऊ नका, हे तर कळकळीने सांगतो. संघाचे शर्ट धुणाऱ्या एक मावशी आहेत, आता ऐंशीच्या पुढच्या. आयुष्यात एक मॅच बघितली नाही. सहज म्हणून बसलो, तर त्या म्हणाल्या, "पाच नंबरचा शर्ट मला न बघता कळायचा. डाव्या कोपराला माती कायम. उजवीकडं कोरडा. आन् खांद्याची शिवण दर महिन्याला उसवायची, मीच घालायची टाका." मी मामांना विचारलं. ते म्हणाले, टॅकलला मी डावीकडेच झोपायचो, उजव्या कुशीला लहानपणचं दुखणं होतं. चौदा वर्षं गॅलरीत बसून खेळ बघणाऱ्यांना जे दिसलं नाही ते मावशींना दगडावर शर्ट आपटताना कळलं होतं.

आता निष्ठेचा भाग. इथे पोरं वाहवत जातात. "त्यांनी कधी दुसरा शर्ट घातला नाही" एवढं एक वाक्य मोठ्या अक्षरात टाकतात. त्यापेक्षा विचारा, कोणी बोलावलं होतं, काय देतो म्हणाले, घरात तेव्हा काय चाललं होतं. मामांना एका पेठेने बोलावलं होतं, पक्क्या नोकरीचा शब्द होता. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. खेळाडू नोंदणीच्या आदल्या रात्री ते झोपले नाहीत. सकाळी नेहमीप्रमाणे तालमीत गेले. पुढचं त्यांच्याच तोंडचं: "जोर मारून झालं आन् लंगोट खुंटीला लावला. तवा वाटलं, तिकडं गेलो तर हे कुठं लावायचं? माझी खुंटी हितं हाय." बाकी काही कारण त्यांनी दिलं नाही आणि मी आणखी खोदलं नाही.

पण त्याच पानाशेजारी त्यांच्या जोडीदाराची आठवण आहे. तो गेला होता दुसरीकडे, नोकरीसाठी. त्याला गद्दार ठरवून वही करू नका. त्याने त्या पगारात तीन भाऊ शिकवले. मामा म्हणतात तो गेला ते बरोबर केलं, आणि ते मी तसंच लिहिलंय. आपल्या संघांत नायजेरियाचे खेळाडूही येऊन खेळलेत, आपला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. पोरांनी बाहेर जावंच. एका जागी राहिलेल्याची गोष्ट सांगताना गेलेल्यांना कमी लेखायचं कारण नाही.

आता माझ्या धंद्यातलं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेडात पिवळा पडतो आणि मग तुटतो. कात्रण वहीत चिकटवू नका. त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा, मूळ कात्रण पांढऱ्या कागदाच्या लिफाफ्यात सपाट ठेवा. सेलोटेप अजिबात नको. त्याचा डिंक कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. स्टेपलची पिन गंजते. लॅमिनेशन तर करूच नका. मामांकडचं एकुलतं एक प्रमाणपत्र कुणीतरी हौसेने एका दुकानात लॅमिनेट करून आणलं होतं. आत हवा राहिली, सही फुगून फाटली, आणि आता ते सोडवताही येत नाही. ते हातात घेतलं की मला आजही वाईट वाटतं.

फोटो चिकटवायचेच नाहीत, कोपऱ्यांत अडकवायचे. कागदाची छोटी त्रिकोणी खिशी करा, खळ त्या खिशाला लावा, फोटोला नाही. त्याआधी प्रत्येक फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करून घ्या. जुन्या अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, मागून बारीक दोरा करवतीसारखा हळूहळू चालवा. अडला तर थांबा, पानासकट स्कॅन करा.

खळ घरी करा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळी मोडा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात, मीही खतावण्यांना टाकतो. पण फोटोच्या वहीला नको, ताजी करा आणि दोन दिवसांत संपवा. पानं जाड घ्या आणि जुजबंदी शिलाई करा, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे मधल्या घडीतून शिवा, म्हणजे वही टेबलावर सपाट उघडते. प्रत्येक दोन पानांमध्ये शिवणीला बोटभर रुंदीची कागदी पट्टी घाला. नाहीतर फोटो लावल्यावर वही पोट सुटल्यासारखी फुगते आणि पुठ्ठा बिजागरीत फाटतो. शेवटी दहा पानं कोरी ठेवा.

प्रती दोन करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. २००५, २०१९, २०२१, तीन पूर आपण बघितलेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या पोरालाही पाठ आहे, तरी ट्रंक पलंगाखालीच असते. एक प्रत उंचावर, एक नदीपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या. फोटो भिजलेच तर एकमेकांपासून ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्यात अलगद बुडवा, सुटतील तेवढे सुटू द्या, मग चेहरा वर करून साध्या कागदावर सावलीत वाळवा. उन्हात टाकले तर गुंडाळी होते. फार असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने काढा. दोन दिवस तसेच ओले ठेवलेत तर बुरशी येते.

वही देताना शाल-श्रीफळाचा कार्यक्रम आम्ही केला नाही. एका रविवारी रात्री तालमीत सतरंजी टाकली, मामांना भिंतीला टेकून बसवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचलं. ज्याची आठवण त्यानेच वाचायची. शर्टाचं पान मावशींच्या नातीने वाचलं, कारण मावशींना वाचता येत नाही. वाचून झाल्यावर मामांनी वही मागितली, चष्मा लावला आणि ते पान पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे हात केला, "पेन्सिल दे." मला वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी पानाच्या खाली, कापऱ्या अक्षरात, मावशींचं पूर्ण नाव लिहिलं. मी नुसतं 'मावशी' लिहून सोडलं होतं.