अंड्याच्या टरफलाचा रंग नीट कसा पाहावा

परसातलं अंडं हातात घेऊन लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘गावरानी आहे ना?’ ते रंगावरून कळत नाही. गावरानी कोंबडी मळकट पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेचं अंडं घालते, आणि चहाच्या पाण्यात बुडवलेली पांढरी अंडीही ‘गावरानी’ म्हणून खपतात. लिंबू चोळून पारख करा, असं सांगणाऱ्यांचं तर ऐकूच नका. आंबट रसाने टरफलाचा वरचा थर विरघळतो, त्यामुळे अस्सल तपकिरी अंड्याचाही रंग हाताला येतो.

आधी जात बघा. व्हाइट लेगहॉर्न पांढरं, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. कडकनाथचं मांस काळं, अंडं मात्र फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचं. काळं अंडं विकणाऱ्याला हात जोडा. कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, हा ठोकताळा संकरित कोंबड्यांत फसतो. शंका असेल तर अंडं फोडून टरफल आतून पाहा: निळा रंग आरपार असतो, तपकिरी वरच्या थरातच.

खरी गोची उजेडाची. नागपुरात मार्च लागला की खुराड्यावर हिरवी जाळी चढते आणि तिच्याखाली प्रत्येक अंडं आजारी दिसतं. पिवळ्या बल्बखाली तेच अंडं गडद वाटतं. मोबाईलच्या फोटोवर तर मुळीच विसंबू नका, कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो. सकाळी, ऊन चढायच्या आत, ओसरीच्या सावलीत पांढऱ्या कागदावर अंडं ठेवा. ताजं ओलं अंडं गडद दिसतं, म्हणून आधी सुकू द्या. घासून धुवायचं नाही. नमुन्याला जुनं टरफल ठेवायचं तर झाकणाच्या डब्यात; उजेडात तपकिरी रंग उडतो आणि मग तुमची मोजपट्टीच खोटी ठरते.

रंग बदलला का हे पाहायला तुलना त्याच कोंबडीच्या आधीच्या अंड्यांशी करायची, शेजारणीच्या कोंबडीशी नाही. कोणाचं अंडं कोणतं ते कळत नसेल, तर एकेकीला दिवसभर डालग्याखाली ठेवा.

टरफल तयार व्हायला साधारण 20 तास लागतात आणि तपकिरी रंगाचा मोठा भाग शेवटच्या काही तासांत चढतो. तेवढ्यात कुत्रं भुंकलं, कोंबडी बिथरली, तर अंडं फिकट येतं किंवा वर पांढरी भुकटी दिसते. एखाद्या अंड्याचं मनावर घेऊ नका. वय वाढलं की रंग उतरतोच. खुडूक (अंडी उबवायला बसणं) मोडल्यावरचं पहिलं अंडं उलट गडद येतं. मका, झेंडू घालून बलक पिवळा होईल, टरफल नाही.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टरफल पातळ होतं. कोंबड्या चोच उघडून धापा टाकत असतील तर सावली, गार पाणी आणि शिंपल्याचा चुरा द्या. पण बऱ्याच कोंबड्यांची अंडी एकदम फिकट, सुरकुतलेली यायला लागली आणि सोबत शिंका, घरघर असेल, तर औषधाच्या दुकानात विचारत बसू नका. आजारी कोंबडी वेगळी काढा आणि त्याच दिवशी नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. जाताना दोन-तीन अंडीही न धुता सोबत न्या.