साठ केव्ही का चढत नव्हते: माझा अनुभव

चाकणच्या आमच्या पेंट शॉपमध्ये पाण्यावर आधारित रंग मारणारा रोबो सकाळपासून तिसऱ्यांदा ट्रिप झाला. रंग पार्टकडे ओढला जावा म्हणून त्याला हाय व्होल्टेजचा चार्ज देतात. सेट केले होते 60 केव्ही (किलोव्होल्ट), पण आकडा 20 च्या वर जाईना आणि करंटचे मायक्रोॲम्पिअर मात्र भराभर चढत होते. सगळे म्हणाले, रंग फवारणारी गन गेली. मला पटेना.

हा रंग वीज वाहून नेतो, त्यामुळे चार्ज रंगातून डब्यापर्यंत पोचतो. म्हणून आमच्याकडे त्याचा डबा पिंजऱ्यात, जमिनीपासून तोडून ठेवलेला असतो. बाकी सगळं, अगदी पार्टचा हँगरसुद्धा, अर्थ केलेलं, म्हणजे जमिनीशी जोडलेलं. ओली वाट मिळाली की चार्ज तिथूनच पळतो.

हाय व्होल्टेज बंद केलं, रोबोला कुलूप लावलं, अर्थिंग रॉड डब्याला टेकवला. 'चट्' असा आवाज आला. सप्लाय बंद असूनही! डबा चार्ज धरून ठेवतो, म्हणून रॉड टेकवल्याशिवाय मी कुणालाच आत हात घालू देत नाही.

टॉर्च मारली तर स्टँडच्या प्लास्टिकच्या पायावरून अर्धओल्या रंगाचा ओघळ थेट जमिनीपर्यंत गेलेला. कपलिंगची (जोडाची) ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं गोल सील, चिरली होती. ती बदलली, पाय पुसून खडखडीत कोरडा केला. चालू केल्यावर आकडा 60 वर जाऊन स्थिर राहिला.