लेकाचा पास काढताना

आम्ही टेक्सासात, सॅन अँटोनिओला राहतो. लेक अमेरिकन आर्मीत होता. एक गुडघा आणि डावा कान तिथेच घालवून आला. पण चालतो-फिरतो, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांच्या अपंगांसाठीच्या पासचं नाव काढलं की, "आई, ते खऱ्या गरजूंसाठी असतं गं." या वादात आमचं वर्ष गेलं.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर आधी एवढं लक्षात घ्या, की पास दोन आहेत. दोन्ही फुकट, दोन्ही आयुष्यभराचे, राष्ट्रीय उद्यानात दोन्ही चालतात. मिलिटरी पास कुठल्याही माजी सैनिकाला मिळतो. अ‍ॅक्सेस पास मिळतो कायमचं अपंगत्व असलेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला. चिरंजीवांना अर्थातच पहिला हवा होता. पण अ‍ॅक्सेसवर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं, मिलिटरीवर होत नाही. तंबू घेऊन हिंडणाऱ्यांनी मान बाजूला ठेवावा आणि अ‍ॅक्सेसच काढावा.

त्यासाठी व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, साइटवरून त्यांचं पत्र डाउनलोड करा. सेवेत आलेल्या अपंगत्वाचा उल्लेख त्यात हवा. सोबत फोटो आयडी. पोस्टाने मागवलात तर वरखर्च लागतो, म्हणून आम्ही थेट टेक्सासातल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानातच काढला. मॅरेथॉन गावात गॅस भरून घ्या, पुढे लांबवर काही नाही. (गावाची पाटी ह्यांनी 'मराठण' अशी वाचली.) गेटवरच्या रेंजरबाईंनी पत्र वाचलं, आयडी पाहिला, कार्डावर लेकाची सही घेतली. पाच मिनिटांत काम झालं आणि गाडीचे ३० डॉलर वाचले. गुडघ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. तो उगीच आठवडाभर उत्तरं घोकत होता.

पुढच्या खेपेला गाडी मी चालवत होते, लेक मागे गाढ झोपलेला. मी ऐटीत पास पुढे केला. गेटवर विचारलं, "हे गृहस्थ कुठे आहेत?" लेकाला हलवून उठवावं लागलं. पास ज्याचा, तो गाडीत हवा आणि त्याचा आयडीही. जिथे गाडीमागे फी असते तिथे अख्खी गाडी आत जाते. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड केव्हर्न्सच्या गुहांसारख्या माणशी तिकिटाच्या जागी तो आणि आणखी तीन मोठी माणसं. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तसंही तिकीट नाही. तिथे वेळ राखून ठेवायचा माणशी १ डॉलर मात्र वेगळा, तो सुटत नाही.

टेक्सासातल्या एन्चांटेड रॉकला हा पास पुढे करू नका, ते राज्याचं पार्क. व्हीएने ६० टक्के किंवा जास्त अपंगत्व धरलं असेल, किंवा पाय गमावला असेल, तर टेक्सासचा स्वतःचा पास, पार्कलँड्स पासपोर्ट, कुठल्याही स्टेट पार्कात मिळतो. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम बघा, दर ठिकाणी वेगळे असतात.

कार्ड हरवलं तर पुन्हा सगळे कागद दाखवून नवं काढावं लागतं. त्या पत्राच्या दोन झेरॉक्स मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवल्यात, आवळासुपारीच्या डबीखाली.